कायरोप्रॅक्टर खरंच जेलमध्ये जायचे का? टुलियस रॅटलेज आणि कॅलिफोर्नियाचं लायसन्स

प्रश्न थोडक्यात असा आहे की भाऊ बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून आता कॅलिफोर्नियात कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके आणि सांध्यांवर उपचार करायची विद्या, शिकायला चाललाय, घरातले विचारतायत की हा डॉक्टर होणार की नुसती हाडं मोडणारा, आणि त्यात कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत पूर्वी ह्या लोकांना धरून तुरुंगात टाकायचे, रॅटलेज नावाचा त्यांचा एक पुढारी पण आत जाऊन आलाय. हे खरं का, आणि खरं असेल तर मग पुढे मान्यता मिळाली कशी?

खरं आहे, अगदी शंभर टक्के.

मी मूळची सांगलीची, आधी फिजिओथेरपी केली, मग इकडे येऊन कायरोप्रॅक्टिक, आणि आता १९ वर्षं झाली कॅलिफोर्नियातच सेंट्रल व्हॅलीत प्रॅक्टिस करतेय. क्लिनिकमध्ये आत आल्यावर समोरच माझं लायसन्स लावलंय, नियमच आहे तसा, पेशंटला दिसलं पाहिजे. ते ज्या कायद्याखाली मिळालंय तो कायदा १९२२ चा आहे, आणि तो कायदा यावा म्हणून जी माणसं आत जाऊन बसली त्यात टुलियस रॅटलेज यांचं नाव मी सगळ्यात आधी घेते. आमच्या धंद्यात पामर बापलेकांचं नाव सगळे घेतात, रॅटलेज यांचं फार कोणी घेत नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी सुरुवात. १८९५ साली आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट नावाच्या गावात डी. डी. पामर म्हणून एक गृहस्थ होते, हात फिरवून बरं करणारे, त्या काळात त्याला मॅग्नेटिक हीलर म्हणायचे. त्यांचं ऑफिस ज्या इमारतीत होतं तिथे झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड नावाचा माणूस होता, त्याला नीट ऐकू यायचं नाही, पामर यांनी त्याच्या पाठीतला एक मणका दाबून जागेवर बसवला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा त्यांचा दावा. मणका बसवून बहिरेपण जातं याला आजही पुरावा नाही, हे मी पेशंटलाही सांगते आणि इथेही सांगते. पण त्यातून जी विद्या सुरू झाली ती हीच, दोन वर्षांत १८९७ ला त्यांनी शाळाही काढली.

लगेच भांडण सुरू. प्रत्येक राज्यात वैद्यकीय कायदा आणि डॉक्टरांना लायसन्स देणारं मेडिकल बोर्ड आलेलं होतं, आणि आरोप सगळीकडे एकच असायचा, लायसन्स नसताना डॉक्टरकी करणे. पामर स्वतः १९०६ ला सापडले, ३५० डॉलर दंड भरा नाहीतर १०५ दिवस आत जा अशी शिक्षा झाली. ते आत गेले, २३ दिवस राहिले आणि मग दंड भरून बाहेर आले. हा २३ दिवसांचा आकडा लक्षात ठेवा.

दुसरी बाजूही बघायला हवी, कारण डॉक्टर लोक उगाच मागे लागले होते असं नाही. त्या काळात अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाचाच सावळा गोंधळ होता, कोणीही उठून कॉलेज काढायचं, ते साफ करायचं काम चालू होतं. १९१० ला अब्राहम फ्लेक्सनर यांचा मेडिकल कॉलेजांवरचा प्रसिद्ध रिपोर्ट आला, त्यात कायरोप्रॅक्टरांचा उल्लेख एवढाच की ह्यांचा विचार शिक्षणाच्या रिपोर्टात करायचं कारण नाही, ह्यांना सरकारी वकिलांनी बघून घ्यावं. आणि तेव्हाच्या कायरोप्रॅक्टिक शाळा बघितल्या तर तो राग समजतो, काही ठिकाणी काही महिन्यांत शिकून माणूस बाहेर पडायचा. पण रिपोर्ट काहीही म्हणो, कंबर धरलेला शेतकरी, मान आखडलेली शिवणकाम करणारी बाई, ही माणसं त्यांच्याकडे जायची, बरं वाटायचं, आणि पुढच्या आठवड्यात बघावं तर तो माणूस कोर्टात उभा.

रॅटलेज ह्या सगळ्यात ओक्लाहोमातून आले. तिथे विलार्ड कार्व्हर नावाचे एक वकील होते, आधी वकिली केली आणि मग कायरोप्रॅक्टिकमध्ये शिरून कॉलेज काढलं, त्यांच्याकडे रॅटलेज शिकले. माझ्या मते हे फार महत्त्वाचं आहे. गुरू वकील होता. त्यामुळे मणका कसा बसवायचा हे शिकताना ह्या विद्येला कायद्यात जागा कुठे आहे आणि नसेल तर कशी करायची हेही त्यांच्या डोक्यात गेलं असणार. त्यांनी ओक्लाहोमात आणि कॅन्ससमध्ये स्वतःच्या शाळा चालवल्या, आणि १९११ ला लॉस एंजेलिसला येऊन कॉलेज काढलं. म्हातारे डी. डी. पामर पण शेवटच्या काळात लॉस एंजेलिसलाच होते, रॅटलेज यांच्या कॉलेजात त्यांनी शिकवलं, आणि १९१३ ला तिथेच वारले. त्याच १९१३ ला कॅन्ससने कायरोप्रॅक्टिकचा पहिला स्वतंत्र कायदा केला, म्हणजे हे होऊ शकतं हे आता दिसलं होतं.

आता जरा भाषेबद्दल बोलते, कारण ह्याच्याशिवाय रॅटलेज यांचा हट्ट कळणार नाही. १९०७ साली विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावात शेगातारो मोरिकुबो नावाच्या जपानी कायरोप्रॅक्टरवर खटला झाला. त्यांच्या बाजूने टॉम मॉरिस म्हणून वकील उभे राहिले, त्यांचा मुद्दा असा की ह्यांची विद्या मुळातच वेगळी, हे औषधोपचार पण नाहीत आणि ऑस्टिओपॅथी (हाताने उपचार करणारी दुसरी एक विद्या) पण नाही, हिचं तत्त्वज्ञान वेगळं, हिची पुस्तकं वेगळी, मग त्या कायद्याखाली गुन्हा कसा होईल? ज्युरीने मोरिकुबोंना निर्दोष सोडलं. तिथून पुढे हाच बचाव सगळीकडे वापरला गेला, आणि बचावासाठी लागणारी भाषा आमच्या अंगात मुरली. ट्रीटमेंट म्हणायचं नाही, ॲडजस्टमेंट म्हणायचं. डायग्नोसिस म्हणायचं नाही, ॲनालिसिस म्हणायचं. रोग म्हणायचं नाही, सबलक्सेशन म्हणायचं, म्हणजे मणका जागेवरून जरासा सरकलेला. मी शिकत असताना एका जुन्या सरांनी माझ्या केस पेपरवरचा डायग्नोसिस हा शब्द पेनने खोडला होता, वर ॲनालिसिस लिहिलं आणि पेपर परत दिला, काही बोलले नाहीत. मला वाटलं हा काहीतरी तात्त्विक मुद्दा असेल. खूप वर्षांनी कळलं की एका पिढीला जेलमधून वाचवायला शोधलेला शब्द होता तो.

रॅटलेज ह्या वेगळेपणावर मनापासून विश्वास ठेवणारे होते. त्यांच्या पंथाला स्ट्रेट म्हणतात, म्हणजे फक्त हाताने मणक्यावर काम, बाकी विजेची यंत्रं, पाण्याचे उपचार, जडीबुटी काही मिसळायचं नाही. जे मिसळायचे ते मिक्सर. हे भांडण आमच्यात अजून पूर्ण मिटलेलं नाही.

कॅलिफोर्नियात १९१३ च्या सुमारास ड्रगलेस प्रॅक्टिशनर असं एक लायसन्स होतं, औषधं न देणाऱ्या सगळ्यांना एका टोपलीत टाकलेलं, आणि देणारं कोण तर मेडिकल बोर्डच. पोट भरायचं असतं तर ते लायसन्स मिळवायची खटपट करून गप्प बसता आलं असतं, काही जणांनी केलं पण. रॅटलेज यांचं म्हणणं असं की ज्या बोर्डावर आमची विद्या शिकलेला एक माणूस नाही ते बोर्ड आमची परीक्षा घेणार कशी? आणि उद्या नापास केलं तर दाद कुणाकडे मागायची? त्यांना हवा होता स्वतःचा कायदा, स्वतःचं बोर्ड, स्वतःची परीक्षा.

१९१६ ला त्यांना पकडलं. लॉस एंजेलिस काउंटी जेलमध्ये ९० दिवसांची शिक्षा झाली. कॉलेजचा प्रमुख माणूस, विद्यार्थी बाहेर, फी भरलेली, सुटायला मार्ग होते. ते आत गेले. पामर २३ दिवसांनी दंड भरून बाहेर आले होते, त्यांना मी नावं ठेवत नाही, साठी ओलांडलेला माणूस होता तो. पण पामर यांनी विद्या दिली आणि रॅटलेज यांनी ती उभी राहील अशी जमीन दिली असं मी मानते, आणि ती जमीन दंड भरून मिळाली नसती. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल, आणि पुढच्या महिन्यात तोच इन्स्पेक्टर परत दारात, परत दंड.

मग हीच पद्धत राज्यभर पसरली. दंड भरायचा नाही, आत जायचं. मेडिकल बोर्डाचे लोक पेशंट बनून यायचे, पाठ दुखते म्हणायचे, टेबलवर झोपायचे, पैसे द्यायचे आणि नंतर कोर्टात साक्ष द्यायला उभे राहायचे. विचार करा, पेशंट पालथा झोपलाय, तुमचा अंगठा त्याच्या मणक्यांवरून खाली खाली येतोय, कुठे आखडलंय ते शोधताय, आणि तुम्हाला माहीत नाही की हा माणूस दुखणं घेऊन आलाय का तुम्हाला न्यायला आलाय. मी रोज वीस बावीस पेशंटच्या पाठीवर हात ठेवते आणि ही गोष्ट आठवली की खरंच अंगावर काटा येतो. कारण आमचं सगळं काम विश्वासावर आहे, पेशंट सैल सोडतो म्हणून सांधा हलतो, आणि हात धरणाऱ्याच्या मनात भीती असेल तर ती पेशंटच्या पाठीला कळते.

बायका पण आत गेल्या. पेशंट जेलबाहेर जमायचे. कॅलिफोर्नियात एका वर्षात साडेचारशेच्या आसपास कायरोप्रॅक्टर तुरुंगात गेले असा आकडा आमच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. एखाद्या चोराला आत टाकलं तर गाव विसरतं, पण जिने आपली कंबर बरी केली ती शेजारची बाई आत गेली तर गाव कसं विसरेल?

आणि इथे कॅलिफोर्नियाचा एक कायदा कामाला आला. १९११ ला, म्हणजे रॅटलेज आले त्याच वर्षी, हिराम जॉन्सन गव्हर्नर असताना राज्यात इनिशिएटिव्हची सोय झाली होती. म्हणजे ठराविक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा केल्या की आमदारांना न विचारता कायद्याचा मसुदा थेट मतपत्रिकेवर येतो, लोकांनी हो म्हटलं की कायदा. विधिमंडळात डॉक्टरांच्या संघटनेचं, मेडिकल असोसिएशनचं, वजन होतं, तिथे दाद लागणं अवघड, म्हणून सह्या. १९२० ला कायरोप्रॅक्टिकचा मसुदा मतदानाला आला आणि पडला. परत सह्या, परत दारोदार. ७ नोव्हेंबर १९२२ ला परत मतदान झालं आणि ह्या वेळी तो चांगल्या मताधिक्याने पास झाला. त्याच दिवशी ऑस्टिओपॅथचा वेगळा कायदा पण लोकांनी पास केला. डिसेंबरमध्ये तो अमलात आला, आणि त्यातूनच कॅलिफोर्नियाचं कायरोप्रॅक्टिक परीक्षकांचं बोर्ड तयार झालं, जे आज मला लायसन्स देतं आणि चुकले तर काढूनही घेतं.

कायदा लोकांनी थेट केलेला असल्यामुळे विधिमंडळाला त्याच्या गाभ्याला आपल्या मर्जीने हात लावता येत नाही, मोठा बदल करायचा तर परत लोकांकडेच जावं लागतं. शंभर वर्षं झाली तरी पाया तोच. चांगलं पण आहे आणि कधी कधी अडचणीचं पण, जुने शब्द तसेच राहतात, काळाबरोबर बदलायला वेळ लागतो.

आता रॅटलेज यांच्याशी माझं जिथे पटत नाही ते पण सांगते, नाहीतर हे उत्तर अर्धवट होईल. १९२५ पासून काही राज्यांनी बेसिक सायन्सचे कायदे आणले. उपचार कुठलाही करा, आधी सगळ्यांनी शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, पॅथॉलॉजी (रोगांचं शास्त्र) अशा विषयांची एकच सामाईक परीक्षा द्यायची. रॅटलेज यांनी ह्याला कडाडून विरोध केला, मागच्या दाराने आम्हाला परत मेडिकलवाल्यांच्या हाताखाली न्यायचा डाव आहे असं त्यांना वाटायचं. त्यांची शंका निराधार नव्हती, ती परीक्षा अनेक ठिकाणी कायरोप्रॅक्टरांना बाहेर ठेवण्यासाठीच वापरली गेली. कॅलिफोर्नियात १९४२ ला असा प्रस्ताव मतदानाला आला तो लोकांनी फेटाळला.

पण मी एक पेशंट सांगते. साठीचा ट्रक ड्रायव्हर, पंजाबी, कंबर दुखते म्हणून आला. ट्रक चालवणाऱ्यांची कंबर दुखतेच, आठवड्याला चार तरी येतात. टेबलवर घ्यायच्या आधी विचारलं, रात्री झोपल्यावर कमी होतं का? म्हणाला नाही, रात्री जास्त. वजन? पँट ढिली व्हायला लागलीय, बायको म्हणते जेवत नाहीस. मणक्यावर हलकं टिचकी मारून बघितलं तर एका जागी तो कळवळला. मी हात काढून घेतला. त्या दिवशी ॲडजस्टमेंट केली नाही, एक्स-रे आणि लगेच त्याच्या डॉक्टरांना फोन. मणक्यात कॅन्सर उतरला होता, मूळ दुसरीकडेच. त्याच्या त्या मणक्यावर मी झटका दिला असता तर काय झालं असतं हा विचार आजही नको वाटतो. हे ओळखायला मला पॅथॉलॉजीच उपयोगी पडली. ॲनालिसिस म्हणा का डायग्नोसिस म्हणा, कागदावर शब्द कोणताही चालेल, पण समोरच्याला काय झालंय हे ओळखता आलंच पाहिजे. वेगळं बोर्ड मिळवलं ते बरोबरच केलं रॅटलेज यांनी, पण वेगळं विज्ञान म्हणून जी भिंत बांधली तिने आमच्या मागच्या दोन पिढ्यांचं नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं भराभर सांगते. रॅटलेज यांचं कॉलेज १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँड कुटुंबाकडे गेलं आणि त्या नावाने लॉस एंजेलिसमध्ये २०११ पर्यंत चाललं. लायसन्सचा कायदा करणारं शेवटचं राज्य लुईझियाना, १९७४. म्हणजे कॅन्ससपासून मोजलं तर ६१ वर्षं लागली. १९७६ ला चेस्टर विल्क आणि त्यांच्या साथीदारांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनवर केस केली, की तुम्ही संगनमत करून आमच्यावर बहिष्कार टाकलाय. १९८७ ला न्यायाधीश सुझन गेटझेनडॅनर यांनी निकाल दिला की हो, टाकला होता, आणि १९९० ला अपिलातही तो टिकला. त्यानंतर डॉक्टर लोक उघडपणे आमच्याकडे पेशंट पाठवायला लागले. आता २०१७ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या गाइडलाइनमध्ये कंबरदुखीसाठी औषधाआधी करायच्या गोष्टींत मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे हाताने दाब किंवा झटका देऊन सांधा हलवणं, पण आहे, उष्णता, मसाज, व्यायाम यांच्या बरोबरीने. फायदा थोडा ते मध्यम आहे, चमत्कार नाही. कानाचं, दम्याचं, शुगरचं कोणी सांगितलं तर उठून या. आणि मानेच्या झटक्यात रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका क्वचित असला तरी आहे, मी मानेला हात लावायच्या आधी ते तोंडाने सांगते आणि सही घेते.

आता भावाबद्दल. अमेरिकेत हे साधारण चार वर्षांचं, ४२०० तासांच्या आसपासचं शिक्षण आहे, वर नॅशनल बोर्डाच्या चार भागांच्या परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. त्याला डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक म्हणतात, एमडी नाही, औषधं लिहून देता येत नाहीत, ऑपरेशन करता येत नाही. घरच्यांना एवढं सरळ सांगा, जास्त पण नको आणि कमी पण नको. बीपीटी झालेलं असेल तर ॲनाटॉमी त्याला जड जाणार नाही, हाताला वळण मात्र नवीन लागतं, कमी ताकदीत, एकदम लहान आणि एकदम झपकन, ते यायला मला दोन वर्षं लागली.

पण तो परत येऊन कोल्हापुरात किंवा पुण्यात प्रॅक्टिस करणार असेल तर हे आधीच माहीत असू द्या की भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची राज्य परिषद आहे, त्याने तिकडचं फिजिओचं रजिस्ट्रेशन सोडू नये, चालू ठेवावं, त्याला पायाखाली कायदा तोच आहे. मी सुट्टीत सांगलीला आले की बघते, रील बघून शिकलेले लोक बोर्ड लावून बसलेत, मान धरून कटकट आवाज काढतात, व्हिडिओ करतात. तो आवाज म्हणजे सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते त्याचा, हाड जागेवर बसल्याचा नाही, आवाज आला नाही तरी काम झालेलं असू शकतं. कुणी अडवणारं नाही आणि कुणी तपासणारं पण नाही. रॅटलेज यांना पकडायला निदान कायदा तरी होता, आपल्याकडे चांगल्या शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला वेगळं करणारी परीक्षाच नाही ह्या विषयात.

कॉलेज निवडताना भावाला दोन गोष्टी बघायला सांगा, कॉलेजला मान्यता आहे का आणि नॅशनल बोर्डाच्या परीक्षेत त्यांची मुलं किती पास होतात, हे आकडे कॉलेजांना जाहीर करावे लागतात. आणि इकडे आल्यावर कुठल्याही क्लिनिकमध्ये उमेदवारी करायच्या आधी त्या कायरोप्रॅक्टरचं लायसन्स बोर्डाच्या साइटवर शोधून बघ म्हणावं, नाव टाकलं की चालू आहे का, कधी कारवाई झालीय का, सगळं दिसतं.